तारलीच्या तेलातला कृष्ण

कंडक्टरने रावजी मांडवकरांकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "आजोबा, तुमचं फुकट."

एवढं बोलून तो पुढच्या सीटकडे वळलासुद्धा. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत तिकीट पडत नाही, हे रावजींना चांगलं ठाऊक होतं. फक्त त्यांच्या स्वतःच्या पंच्याहत्तरीला अजून एक आख्खी पिढी जन्माला येऊन बारावी पास होण्याइतका अवकाश होता.

"अहो मास्तर, मी छप्पन्नचा आहे!" रावजी ओरडले.

"छप्पन्न सालचे? मग हाफ पडेल."

"छप्पन्न सालचा नाही हो! छप्पन्न वयाचा!"

सगळ्या गाडीने माना वळवल्या. रत्नागिरी ते हातखंबा या टप्प्यात लोकांना एरवी बघायला काही नसतं. कॉलेजातली एक मुलगी लगबगीने उठली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही आधी बसा. बीपी वाढेल." रावजींनी फुल तिकीट मागून घेतलं, छातीवरच्या खिशात दिसेल असं खोचलं आणि उतरेपर्यंत उभ्याने प्रवास केला. शेजारी बसलेली त्यांची बायको हिरा तेवढी म्हणाली, "फुकट म्हणत होता तर गप्प राहायचं. चांगल्या घरातला वाटत होता."

आता इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. माणूस आधी दादा असतो, मग काका होतो, मग आजोबा. रावजी एका सरकारी कचेरीत जावक विभागात हेडक्लार्क होते आणि बढत्यांचा क्रम त्यांना तोंडपाठ होता. कालपर्यंत बाजारात त्यांना 'दादा' म्हणत. मधलं 'काका' हे पद न भरता थेट आजोबा, हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. दाद मागायची तर ती कुणाकडे, हेही कळत नव्हतं.

नुसता अपमान असता तर रावजींनी तो फायलीत लावून टाकला असता. पण शिमगा तोंडावर आला होता, आणि शिमग्यात त्यांच्या गावी, संगमेश्वराकडच्या आंबेकोंडात, देवाच्या पालखीपुढे नाचगाण्याचं, सोंगांचं नमन होतं. नमनातल्या गवळणीत कृष्ण म्हणजे रावजी मांडवकर, हे मिसरूड फुटल्यापासून ठरलेलं. कचेरीत त्यांना साहेब विचारत नसे, घरात हिरा विचारत नसे, पण वर्षातून एकदा मुकुट चढवून ते गवळणींची वाट अडवायला उभे राहिले की सगळं गाव हात जोडायचं. बाकीचं वर्ष रावजी त्या एका संध्याकाळच्या जोरावर काढत. आणि यंदा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रितेश नावाच्या पोरट्याने बासरी घेऊन, बिनशर्टाचा फोटो टाकला होता. हा विरारला जिममध्ये जात असे. त्याच्या पोटावर शहाबादी फरशी बसवल्यासारखे चौकोन होते. फोटोखाली गावातल्या पन्नासएक जणांनी हात जोडले होते. त्यांत रावजींची सख्खी चुलत बहीणही होती.

म्हणून त्या रविवारी पुतण्या हर्षद लोट्याहून आला, तेव्हा रावजींनी त्याला पडवीत गाठलं. हर्षद तिथल्या एका केमिकल कंपनीत होता, आणि घरातल्या कुठल्याही बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायचा मान त्याचाच असे.

"चेहऱ्यासाठी काय असतं रे?" रावजी हळूच म्हणाले. "म्हणजे माझ्यासाठी नाही. आमच्या साहेबांना हवंय."

"कोएन्झाइम क्यू टेन सांगा साहेबांना," हर्षद म्हणाला. "काका, आपल्या प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात. पेशीचं पॉवरहाऊसच ते. तिथे हे कोएन्झाइम काम करतं. शिवाय ते अँटिऑक्सिडंट आहे. म्हणजे आपण आतून गंजत असतो ना, तो गंज धरू देत नाही. वय वाढलं की शरीरात त्याचा साठा कमी होतो, मग सुरकुत्या. म्हणून क्रीममध्ये घालतात."

"आणि सुरकुत्या जातात?"

"थोड्या कमी दिसतात म्हणतात. कंपन्या जरा जास्तच म्हणतात."

रावजींनी पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं त्यांच्या कानावरून गेलं. संध्याकाळी ते औषधाच्या दुकानात हजर झाले.

दुकानात तीन बायका होत्या. त्यांच्यादेखत सुरकुत्यांचं क्रीम मागायचं म्हणजे उद्या खालच्या आळीत तोंड दाखवायला नको. रावजी काउंटरवर वाकले आणि अफू मागावी तशा आवाजात म्हणाले, "क्यू टेन आहे का?"

दुकानदाराने कॅप्सूलचं पाकीट पुढे टाकलं. "हार्टचे पेशंट घेतात, तेच ना? कुणाला त्रास आहे?"

बायका वळून बघू लागल्या. सुरकुत्या की काळीज, असा पेच पडला. रावजींनी काळीज निवडलं. डोळे किंचित मिटून, छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "मलाच."

नेमके मागे शेजारचे लवूअण्णा उभे होते. खोकल्याचं औषध न घेताच ते घराकडे धावले.

रावजी घरी पोहोचायच्या आत शहाळी पोहोचली होती. हिरा पायरीवर डोळ्यांना पदर लावून बसली होती आणि लवूअण्णांनी आरामखुर्ची ओट्यावर काढली होती. लवूअण्णा पोफळीच्या वीजप्रकल्पातून निवृत्त झालेले. त्यांना सगळं जग पाणी आणि दाब यांतून दिसे.

"बसा. बोलू नका," लवूअण्णा म्हणाले. "काळीज म्हणजे टर्बाइन. लोड एकदम वाढवायचा नाही."

"अण्णा, मला काही झालेलं नाही."

"सगळे असंच म्हणतात. आमच्या एका मशीनलाही काही झालेलं नव्हतं. सकाळी बघतो तर आख्ख्या कोयनेचं पाणी फिरवूनही हलेना."

खरं सांगायला जावं तर सुरकुत्यांचं प्रकरण उघडं पडणार होतं. रावजी खुर्चीत बसले आणि त्यांनी निमूटपणे शहाळ्याची नळी तोंडात धरली. त्या आठवड्यात त्यांच्याकडे एवढी शहाळी जमली की लवूअण्णांच्या जावयाने ती विकायला न्यायची तयारी दाखवली. भेटायला येणारा प्रत्येकजण "चेहरा उतरलाय हो" असं म्हणत होता. या एका वाक्याने रावजींचं काळीज खरोखरच दुखायला लागलं.

राहिल्या कॅप्सूल. त्या पोटात घ्यायचं धाडस रावजींना होईना, कारण हर्षदने फोनवर "डॉक्टरांना विचारल्याशिवाय गिळू नका" असं बजावलं होतं. पण बाहेरून लावायला कोण अडवणार? रावजींनी बाथरूमची कडी लावली, सुईने एक कॅप्सूल टोचली आणि आतलं काढून चेहऱ्यावर चोळलं. आता हे क्यू टेन दिसायला चांगलं नारिंगी-पिवळं असतं, ही गोष्ट हर्षद सांगायची विसरला होता. चांगला परिणाम व्हावा म्हणून रावजींनी सगळं पाकीट संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन आलेल्या बाईने किंकाळी फोडली. "वैनी, भाऊंना कावीळ!"

काळीज आणि त्यात कावीळ म्हटल्यावर आळीत कुणालाच आवर उरला नाही. कुणी मुळ्याचा रस आणला, कुणी उसाचा. मंत्र घालणारा एक माणूस काशाची वाटी घेऊन आला. त्याने रावजींचे हात पाण्यात धुतले, पाणी पिवळं झालं आणि जमलेल्यांनी त्याचाच जयजयकार केला. संध्याकाळी आंबेकोंडाहून धाकूतात्यांचा फोन आला. धाकूतात्या म्हणजे नमन मंडळाचे कर्ते. ते बोलले की गावात ठराव झाला असं धरत.

"रावज्या, तुज्या काळजाचा कळला. लय वायट वाटला. यंदा किस्न रितेश करंल. तू मार्गदर्शक."

"तात्या, मार्गदर्शकाने काय करायचं?"

"बसायचा आनि बघायचा. मंडळ खुर्ची देईल. गादीवाली."

रावजींच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. गादीवाल्या खुर्चीत बसून ते रितेशच्या फरशा बघत आहेत आणि गाव त्याला हात जोडतंय, हे चित्र त्यांना सहन होईना. "तात्या, मी ठणठणीत आहे हो! डॉक्टरचं सर्टिफिकेट आणतो!" त्यांनी फोनवरच हंबरडा फोडला.

तात्या जरा विरघळले. "बरा. आन मग. पन आयक, नाचताना धाप लागली ना, तर पुडच्या वर्सापासून मुकुट रितेशचा. पालखीसमोर किस्न आडवा झाला तर सगल्या गावाला दोष."

सर्टिफिकेट म्हणजे काय, हे जावक विभागातल्या माणसाला कुणी सांगायला नको. सरकारी दवाखान्यातल्या कारकुनाने फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "प्रयोजन?"

"कृष्ण होणे," रावजी म्हणाले.

कारकुनाने चष्मा कपाळावर घेतला. "कृष्ण या सदरात नाही. भरती आहे, वाहनपरवाना आहे आणि अमरनाथ यात्रा आहे. यातलं काय?"

रावजींच्या जागी दुसरा असता तर वैतागला असता. पण रावजींना त्या माणसाबद्दल आदरच वाटला. सदर नसेल तर काम नाही, हे त्यांनी स्वतः कित्येकांना सांगितलं होतं. त्यांनी विचार करून अमरनाथ घेतलं, कारण त्यात देव तरी होता.

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी नळी लावली, ईसीजीची पट्टी काढली, जिने चढवले आणि उतरवले. शेवटी ओल्या कापसाने गाल पुसला. कापूस पिवळा झाला.

"हे काय लावलंय?"

"हळद," रावजी म्हणाले.

"या वयात?"

यावर रावजींनी मान खाली घातली. बाईंनी हसू दाबत सही केली. इसम अमरनाथ यात्रेस शारीरिकदृष्ट्या पात्र आहे, असं शिक्क्यानिशी लिहून मिळालं. तो कागद धाकूतात्यांनी गावात वाचून दाखवला. एवढ्या थंडीत डोंगर चढणारा माणूस सहाणेवर, पालखी बसते त्या चौथऱ्यावर, सहज नाचेल, असं गावाने ठरवलं आणि कृष्ण परत रावजींकडे आला. दोघा-तिघांनी अमरनाथाला वाहायला नारळही पाठवून दिले. ते रावजींनी आमटीत संपवले.

कृष्ण मिळाला, पण चेहरा तोच होता. क्यू टेन संपलं होतं. आणि अशा हळव्या वेळी दारात हौसा आली. हौसा रत्नागिरीजवळच्या, समुद्रकाठच्या काळबादेवीची. तिची मासळीची पाटी दिवसाआड रावजींच्या दारात उतरायची.

"भाऊ, तारली घ्या. फडफडीत हाय."

तारली म्हणताच रावजींना हर्षदचं फोनवरचं पुढचं बोलणं आठवलं. काका, हे क्यू टेन निसर्गातही असतं, बांगड्यात असतं, तारलीत असतं, आणि ते तेलात विरघळतं. रावजी उठून बसले.

"हौसा, तारलीचं तेल काढतात का गं?"

"काडतात तर. व्होडीला लावतो की आमी. पावसाच्या आदी चांगला चोपडायचा. माज्या सासऱ्यांची व्होडी, त्ये जाऊन पंदरा वर्सा झाली, पन फळीला चीर नाय. माज्या घोवापेक्षा व्होडीच तरनी दिसते."

रावजींना आतून उजेड पडला. तारलीत क्यू टेन असतं. क्यू टेन तेलात विरघळतं. ते तेल लावलेली होडी म्हातारी होत नाही. लोट्यापासून काळबादेवीपर्यंतचं सगळं शास्त्र एका दोरीत आलं होतं. जी गोष्ट कंपन्या चिमूटभर क्रीममध्ये घालून विकतात, ती इथले लोक डब्याने होडीला फासत होते!

हौसाने दुसऱ्या खेपेला तेलाची बाटली आणून दिली. त्या वासाचं वर्णन करणं योग्य नाही, जेवणं व्हायची असतील. रावजींनी तेल गाळलं, त्यात लवंग कुटून घातली, कापूर घातला, शेवटी पूजेतलं अत्तर ओतलं. माणसाच्या नाकाला तो वास दंतमंजनाच्या कारखान्यासारखा यायला लागला. मग हिराला कळू नये म्हणून ते मिश्रण त्यांनी खोबरेल तेलाच्या रिकाम्या निळ्या बाटलीत भरलं आणि रोज पहाटे चेहऱ्याला चोपडायला सुरुवात केली.

चेहरा तुकतुकीत झाला, यात खोटं काही नाही. तेल फासल्यावर पायरीसुद्धा तुकतुकीत होते. फक्त त्यांच्या मागे आता कचेरीपर्यंत मांजरं यायला लागली. रावजी त्याला शुभशकुन समजले.

शिमग्याला ते हिराला घेऊन आंबेकोंडात पोहोचले, तेव्हा पालखी सहाणेवर बसली होती. मंडळाला माईकची परवानगी अंधार पडल्यावर थोडाच वेळ मिळाली होती, म्हणून नमन दिवस मावळतानाच उभं करायचं होतं. सगळी घाई. शाळेच्या वर्गात रंगपट्टी चालू होती. रंगवायचं काम बाबल्याकडे. बाबल्या एरवी शेती करी आणि नमनात मावशी होई. मावशी म्हणजे गवळणींची म्होरकी, वयाने थोर, तोंडाने फाटकी. त्याने लुगडं आधीच नेसलेलं होतं.

"रावज्या, डोळं मीट. नीळ डोळ्यात जायाची," बाबल्या म्हणाला.

रावजींनी डोळे मिटले. कपड्यांची नीळ खोबरेल तेलात कालवून कृष्णाला लावायची, ही आंबेकोंडाची जुनी रीत. खोबरेल संपलं होतं. बाबल्याने रावजींच्या पिशवीत हात घातला, त्याला निळी बाटली लागली, आणि त्याने ती आख्खी परातीत उपडी केली. मग ते त्याने रावजींच्या चेहऱ्याला, मानेला, पाठीला, पोटाला आणि दंडांना सढळ हाताने चोपडलं, होडीला चोपडतात तसं.

"कापूर घातलास काय रे तेलात?" बाबल्याने विचारलं.

"हो, थोडा," रावजी डोळे मिटूनच म्हणाले. पहाटे आपण चेहऱ्याला चोपडलेल्या तेलाविषयी विचारतोय, असं त्यांना वाटलं.

मृदंग घुमला. गवळणी डोक्यावर मडकी घेऊन निघाल्या. पुढच्याच रांगेत गादीवाल्या खुर्चीत रितेश मोबाईल रोखून बसला होता. मार्गदर्शकाची खुर्ची आणलीच होती, ती कुणीतरी वापरायला हवी होती. रावजी बासरी घेऊन झेपावत आले, कमरेवर हात ठेवला आणि खड्या आवाजात म्हणाले, "थांबा गवळणींनो! दान दिल्याशिवाय मथुरेची वाट मोकळी होणार नाही!"

"कोन रं तू? कुनाच्या जिवावर आडवतोस?" मावशीने नेहमीचा प्रश्न केला.

तेवढ्यात सहाणेच्या चौथऱ्यावर एक बोका चढला. त्याने कृष्णाची पोटरी हुंगली आणि डोळे मिटून तिला अंग घासलं. पाठोपाठ गुरवाची मांजर आली. मग वाडीतलं जे जे मांजर शेपटी बाळगून होतं, ते माणसांच्या पायांतून वाट काढत आलं. नाचून रावजींना घाम फुटला होता, लवंग आणि कापूर उडून गेला होता आणि आत उरली होती शुद्ध तारली.

लोक हसायला लागले. आधी पोरं, मग बायका, मग पालखीजवळचे मानकरी. रितेश खुर्चीवर उभा राहून शूटिंग करत होता. रावजींचे कान तापले. इतकी वर्षं जिथे गाव हात जोडत होतं, तिथे गाव पोट धरून हसत होतं. आता मुकुट काढावा आणि पहिल्या एसटीने रत्नागिरी गाठावी, फुकट तर फुकट, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी हात वर नेलाही.

पण मावशीच्या तोंडाला लगाम नव्हता. बाबल्याने कमरेवर हात ठेवून ठणाणा केला, "गो बायांनो, मडकी सांबाळा! आजपातूर ह्यो लोनी चोरायला येकटा येत व्हता. आता टोळी घेऊन आलाय!"

हशा दुप्पट झाला. आणि त्या हशात रावजींच्या अंगात काय संचारलं, देव जाणे. त्यांनी मुकुटावरचा हात खाली आणला, बोक्याला उचलून खांद्यावर घेतलं आणि गरजले, "मावशे, लोणी चोरणाऱ्याला साथीदार लागतातच! गाई गेल्यात रानात. आज हेच माझे गोपाळ. यांचंही दान टाक!"

मग जे झालं ते आंबेकोंडात कधी झालं नव्हतं. कृष्ण पुढे, मांजरं मागे, आणि गवळणी लुगडी सावरत सैरावैरा. एका मडक्यात खरोखरच दही होतं, ते मडकं बोक्याने फोडलं. रावजींनी फेर धरला तो मृदंगवाला थकेपर्यंत सोडला नाही. धाप लागायची गोष्टच ते विसरून गेले होते. म्हाताऱ्या बायका डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या आणि हसता हसता त्यांनीच आधी हात जोडले.

"पुडच्या वर्साला पन किस्न तूच," शेवटी धाकूतात्या डोळे पुसत म्हणाले. "पन मांजरा आनायची जबाबदारी तुजी." रितेश येऊन पाया पडला आणि त्याने चेहऱ्याला काय लावता, असं हळूच विचारलं. रावजी म्हणाले, "साहेबांना विचारून सांगतो."

नीळ आणि तारलीचं तेल यांचं एकदा जमलं की रंग साबणाला दाद देत नाही. हिराने राख लावली, लिंबू लावलं, शेवटी काथ्याने घासलं. हे सगळं चालू असताना तिने एकदाच बाटलीचा वास घेतला आणि तिला सगळं प्रकरण उलगडलं.

"हे तरुण दिसायला?" ती म्हणाली. "काळजाचं म्हणून मी नवस बोलले होते हो." आणि तिला एकदम रडू आलं, आणि रडताना हसूही आलं. रावजींना मनापासून लाज वाटली. त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं की यापुढे तारली फक्त तव्यावर.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत खच्चून गर्दी होती. रावजी दारातच अडकले होते. मानेपासून कपाळापर्यंत ते एकसारखे निळे होते. त्या रंगात सुरकुती कुठे, पांढरे कल्ले कुठे, काहीच लागत नव्हतं. गर्दीतून कंडक्टर आला. तोच. त्याने निळ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, त्याला वयाचा काही अंदाज येईना, मग त्याने तिकिटाच्या मशीनने दांडीवर टकटक केलं.

"ओ दादा, पुढे सरका."

रावजी जागचे हलले नाहीत.

"अहो, सरका ना," हिराने कोपराने ढोसलं. "तो बोलतोय. ऐकू येत नाही का?"

"येतंय," रावजी कुजबुजले. "गप्प राहा. अजून एकदा म्हणू दे."